हाड जुळलं, पण पाय बरा झाला का? घोट्याच्या फ्रॅक्चरनंतर रुग्णाला काय आणि कसं विचारावं

प्रश्न फोंड्याला स्वतःचं लहानसं फिजिओथेरपी केंद्र चालवणाऱ्या एका तरुण सहकाऱ्याचा आहे. घोट्याच्या फ्रॅक्चरचे रुग्ण त्यांच्याकडे प्लास्टर निघाल्यावर येतात. एक्स-रेवर हाड जुळलेलं असतं, सर्जन ‘आता चाला’ म्हणतात आणि रुग्ण म्हणतो, पाय अजून आपला वाटत नाही. ही सुधारणा रुग्णाच्याच तोंडून मोजायची तर कोणती प्रश्नावली घ्यावी, ती कधी भरून घ्यावी, किती गुण वाढले म्हणजे खरंच सुधारला म्हणायचं आणि मराठीत आपणच भाषांतर केलं तर चालेल का, असं त्यांनी विचारलं आहे.

आधी थेट उत्तर देते. लहान केंद्रात एकट्याने काम करताना ओलेरुड-मोलँडर गुणांकन घ्या आणि त्याच्या जोडीला रुग्णाने स्वतः निवडलेली तीन कामं लिहून ठेवा. पहिली नोंद पहिल्याच भेटीत. मग दुखापतीपासून सहा आठवडे, तीन महिने, सहा महिने आणि वर्ष. एकूण गुणांच्या आकड्याला मात्र फार भुलू नका. गुण कुठे गेले ते वाचायची सवय लावून घ्या. पुढचं बरंचसं उत्तर त्याबद्दलच आहे.

ओलेरुड आणि मोलँडर या स्वीडिश डॉक्टरांनी हे गुणांकन १९८४ साली खास घोट्याच्या फ्रॅक्चरसाठी प्रसिद्ध केलं. नऊ प्रश्न, शंभर गुण. जितके जास्त तितका पाय चांगला. वेदनेला २५, काम आणि रोजच्या व्यवहाराला २०. ताठरपणा, सूज, जिना आणि आधार यांना प्रत्येकी १०. धावणं, उडी मारणं आणि उकिडवं बसणं यांना प्रत्येकी ५. भरायला पाच मिनिटंही लागत नाहीत, म्हणून तर ते चाळीस वर्षं टिकलं.

आता त्याचा आतला हिशेब बघा. वेदना नसेल तर २५. खडबडीत जागी चालताना दुखत असेल तर २०, बाहेर सपाट रस्त्यावर दुखत असेल तर १०, घरातल्या घरात चालतानाही दुखत असेल तर ५, सतत आणि तीव्र असेल तर शून्य. म्हणजे खडबडीतवरून सपाटीवर दुखणं आलं की एका फटक्यात दहा गुण जातात. ताठरपणाला मधली पायरीच नाही: आहे किंवा नाही. सकाळी उठल्यावर चार पावलं जड पडणारा आणि दिवसभर पाय लाकडासारखा वागवणारा, दोघांनाही शून्य. प्लास्टर निघाल्यानंतरचे कित्येक महिने तुमचे जवळजवळ सगळे रुग्ण या प्रश्नावर शून्यच घेणार आहेत. त्यामुळे ताठरपणातली सुधारणा या प्रश्नावलीत दिसत नाही, ती तुम्हाला टेपने मोजावी लागते. रुग्णाला भिंतीसमोर उभं करा, टाच जमिनीला, गुडघा भिंतीला, आणि अंगठ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर घ्या. दोन्ही पायांचं.

समजा, दोन रुग्ण आहेत. दोघांनाही सहा महिन्यांनी ६० गुण मिळाले. पहिल्या डिचोलीच्या निवृत्त शिक्षिका, वय बासष्ट. खडबडीत जागी दुखतं (२०), ताठरपणा आहे (०), संध्याकाळी सूज येते (५), जिना जमतो पण अडखळत (५), आधार लागत नाही (१०), घरचं काम पूर्वीसारखं (२०). धावणं, उडी, उकिडवं बसणं तिन्ही शून्य. दुसरा कळंगुटच्या हॉटेलात वाढप्याचं काम करणारा तरुण. सपाटीवर चालताना दुखतं (१०), ताठरपणा नाही (१०), संध्याकाळी सूज (५), जिना व्यवस्थित (१०), उकिडवं बसता येतं (५), आधार नाही (१०), धावणं-उडी नाही. मालकाने त्याला गल्ल्यावर बसवलंय, म्हणजे हलकं काम, १० गुण. बेरीज तीच, ६०.

या दोघांना एकच उपचार देणार का? बाईंच्या घोट्याला हालचाल हवी आणि पिंढरीला जोर. पोऱ्याचा घोटा हलतो आहे, तरी सपाटीवर दुखतो आणि तो उभा राहून पोट भरतो. त्याच्याबाबतीत मी आधी सर्जनना फोन करीन. सांध्याची कूर्चा, दोन हाडांना बांधून ठेवणारी अस्थिबंधनं, टोचणारा एखादा स्क्रू, यातलं काही राहून गेलंय का ते पाहायला हवं. फाइलवर नुसतं ‘६०’ लिहिलं असतं तर हे काहीच दिसलं नसतं.

आणखी एक गोष्ट. बाईंचे गुडघे आधीपासून झिजलेले. पडायच्या आधीही त्या धावत नव्हत्या, उडी मारत नव्हत्या, उकिडव्या बसत नव्हत्या. म्हणजे त्यांचे फ्रॅक्चरपूर्वीचे गुण फार तर ८५. त्यांचं ६० हे ८५ पैकी, पोऱ्याचं १०० पैकी. म्हणून पहिल्या भेटीत प्रश्नावली दोनदा भरून घ्या: एकदा ‘पडायच्या आदल्या आठवड्यात पाय कसा होता’ म्हणून आणि एकदा आजची. हे लवकर करावं लागतं. वर्षभराने विचारलंत तर माणूस आपला जुना पाय आठवणीत अधिक धडधाकट करून सांगतो.

धावणं आणि उडी याबद्दल रुग्ण विचारतील, ‘करून बघितलंच नाही, काय लिहू?’ लिहून घेण्यासाठी कोणाला उडी मारायला लावू नका. ‘वाटतं का जमेल’ एवढंच विचारा, आणि ‘प्रयत्न केलेला नाही’ अशी बाजूला खूण करा. कोरी जागा ठेवून फाइल बंद करू नका, नंतर ती भरता येत नाही.

आता आपल्याकडची अडचण. इथला रुग्ण डॉक्टरला दुखावत नाही. ‘कसा आहे पाय?’ विचारलं की ‘बरें आसा, डॉक्टर’ हे उत्तर ठरलेलं. ज्याने दोन महिने मेहनत घेतली त्याच्या तोंडावर ‘अजून दुखतं’ म्हणायला माणूस कचरतो, आणि पैसे घेणारेही आपणच. तेव्हा प्रश्न तुम्ही स्वतः विचारू नका. कागद हातात द्या, बाहेर बाकावर बसून भरू द्या. वाचता येत नसेल किंवा चष्मा विसरला असेल तर स्वागतकक्षातल्या मुलीने वाचून दाखवावं, जसं छापलंय तसंच, स्वतःची पुस्ती न जोडता. आणि सोबत आलेल्या मुलाला किंवा सुनेला मध्ये बोलू देऊ नये. ‘आई चालते की आता, देवळात जाऊन येते,’ असं मुलगा सांगतो तेव्हा आई देवळाच्या पायऱ्या कठडा धरून, एकेक पाय जोडत चढलेली असते.

‘खडबडीत जागा’ या शब्दांपाशी जरा थांबा, कारण गोव्यात हा वीस-पंचवीस गुणांमधला प्रश्न माणसाच्या पत्त्यावर ठरतो. पणजीत सदनिकेत राहणाऱ्याला दिवसातून दोनदा खडबडीत जागा लागते, ती म्हणजे खोदलेला रस्ता. सत्तरी तालुक्यातल्या कुळागरवाल्याला (सुपारी-नारळाच्या बागायतदाराला) घरातून बाहेर पाऊल टाकलं की चिऱ्यांच्या शेवाळलेल्या पायऱ्या आणि पाटाचं पाणी. चोडण किंवा दिवाडीच्या माणसाला रोज फेरीबोटीचा ओला उतार, तोही मोटरसायकलींच्या गर्दीतून. आणि ऋतू! फेब्रुवारीतलं तीन महिन्यांचं मोजमाप आणि जुलैतलं तीन महिन्यांचं मोजमाप सारखं नाही. पावसात माणसं घराबाहेर पडत नाहीत, खडबडीत जागी चालतच नाहीत आणि ‘वेदना नाही’ लिहून मोकळी होतात. २५ गुण! गणपतीला गावी गेले की खरा आकडा बाहेर येतो. म्हणून कागदाच्या कोपऱ्यात महिना लिहा आणि एकच जादा प्रश्न विचारा: पडल्यापासून काय करायचं सोडून दिलंत? वर्षभराने ‘काही त्रास नाही’ म्हणणारे बरेचजण त्रास होणारी कामं टाळून सुखी असतात. सुखी असायला माझी हरकत नाही, पण त्याला सुधारणा म्हणू नये.

म्हणूनच ती तीन कामं. याची रीतसर पद्धत आहे, स्ट्रॅटफर्ड आणि सहकाऱ्यांनी १९९५ मध्ये मांडलेली. रुग्णाने स्वतःला अडणारी कामं सांगायची आणि प्रत्येकाला ० ते १० गुण द्यायचे. ० म्हणजे अजिबात जमत नाही, १० म्हणजे दुखापतीपूर्वी जमायचं तसं. पाचपर्यंत कामं घेता येतात, मी तीन घेते. कामं रुग्णाच्या शब्दांत लिहा. ‘आदोळीवर बसून नारळ खवणं.’ ‘लावणीला चिखलातून पाय उपसणं.’ ‘बाजारात सहा तास उभं राहणं.’ मोटरसायकल पायलटाचा (दुचाकीवरून भाड्याने माणसं नेणाऱ्याचा) डावा घोटा मोडला तर तो गियर म्हणतो, उजवा मोडला तर मागचा ब्रेक. परदेशी प्रश्नावलीत गियर कुठून येणार? तीन कामांची सरासरी दोन गुणांनी सरकली तर बदल खरा धरायला हरकत नाही. एकाच कामाकडे पाहत असाल तर तीन गुण सरकायला हवेत. पुढच्या भेटीला नवी कामं विचारू नका, तीच वाचून दाखवा.

इतर प्रश्नावल्यांबद्दल थोडक्यात. फाओस (FAOS) पाऊल आणि घोट्यासाठीची, २००१ ची, ४२ प्रश्नांची. वेदना, इतर लक्षणं, रोजचे व्यवहार, खेळ आणि जीवनमान असे पाच भाग, प्रत्येकाचे वेगळे शंभर गुण. पाचांची बेरीज करायची नसते, तरी लोक करतात. उत्तम आहे, पण तुमच्या बाकावर बेचाळीस प्रश्न भरणारे रुग्ण किती मिळतील ते तुम्हीच ठरवा. लेफ्स (LEFS) वीस प्रश्नांची, ८० गुणांची, संपूर्ण पायासाठी. घोट्याबरोबर गुडघाही दुखावला असेल तर ती बरी, आणि तिथे नऊ गुणांचा बदल अर्थपूर्ण मानतात. खेळाडूंसाठी मात्र ओलेरुड-मोलँडरवर थांबू नका. चार महिन्यांत शंभरच्या जवळ पोचलेला फुटबॉलपटू मैदानात एका पायावर वळू शकत नाही, आणि शंभरच्या वर गुण देता येत नाहीत. त्याला फाम (FAAM) या पाऊल-घोट्याच्या प्रश्नावलीचा आठ प्रश्नांचा खेळाचा भाग किंवा फाओसचा खेळाचा भाग द्या.

आणि आओफास (AOFAS). अमेरिकन ऑर्थोपेडिक फूट अँड अँकल सोसायटीचं १९९४ चं गुणांकन: वेदना ४०, कार्य ५०, पायाची ठेवण १०. सर्जनांचं आवडतं, आपल्याकडच्या प्रबंधांत अजून सर्रास दिसतं. पण त्याचा एक भाग डॉक्टर तपासून भरतो, त्यामुळे ते रुग्णाचं म्हणणं राहत नाही. मोजमापाच्या कसोट्यांवर ते इतकं तोकडं पडलं की त्या सोसायटीनेच पुढे त्याची शिफारस थांबवली. कोणी आग्रह केला तर नम्रपणे नाही म्हणा.

किती फरक खरा? ओलेरुड-मोलँडरसाठी साधारण दहा गुण धरतात. ब्रिटनमध्ये प्लास्टर आणि काढता येणारा ब्रेस यांची तुलना करणारी मोठी चाचणी झाली, तिनेही दहा गुणांचा फरक महत्त्वाचा मानला होता. दोन्ही गटांत तेवढा फरक निघाला नाही. पण हा दहाचा आकडा गटांच्या सरासरीसाठी आहे. एकट्या माणसाचा आकडा दोन भेटींमध्ये काही न घडताही हलतो. आदल्या रात्री लग्नात चार तास उभं राहिलं की सूज ‘नाही’ची ‘संध्याकाळी’ होते, पाच गुण गेले. त्यामुळे एका रुग्णात पाच गुणांची चढ-उतार बातमी नाही. दहा असेल तर कुठल्या प्रश्नावर ते बघा, आणि तीन कामंही त्याच दिशेने सरकली असतील तरच विश्वास ठेवा. पंधरा-वीस गुण एकदम खाली आले तर प्रश्नावली बाजूला ठेवून पाय तपासा: जखम, ताप, पिंढरीतली दुखरी सूज, कातडीचा रंग आणि उष्णता.

एक्स-रे आणि रुग्णाचं म्हणणं जुळत नाही, ही तुमची मूळ तक्रार. त्याबद्दल एक चाचणी लक्षात ठेवण्यासारखी आहे. ब्रिटनमध्ये साठ वर्षांवरच्या, अस्थिर फ्रॅक्चर असलेल्या ६२० जणांत शस्त्रक्रिया आणि पायाला अगदी लगटून बसवलेलं विशेष प्लास्टर यांची तुलना झाली. निष्कर्ष २०१६ मध्ये आले. सहा महिन्यांनी ओलेरुड-मोलँडरचे सरासरी गुण शस्त्रक्रियेच्या गटात ६६, प्लास्टरच्या गटात ६४.५. एक्स-रेवर हाड वाकडं जुळलेले मात्र प्लास्टरच्या गटात १५ टक्के आणि शस्त्रक्रियेच्या गटात ३ टक्के. चित्रात एवढा फरक, चालण्या-वागण्यात जवळजवळ नाही. तीन वर्षांनीही दोन्ही गट बरोबरीतच होते. यावरून प्रत्येक वाकडं हाड चालवून घ्या असं होत नाही. त्या प्लास्टरवाल्यांपैकी काहींना पुढे शस्त्रक्रिया करावीच लागली, आणि तरुण माणसाला पुढची चाळीस वर्षं काढायची असतात. पण दुसरं एक कळतं: साठीच्या पुढच्या माणसाला सहा महिन्यांनी ६५ गुण असणं हे तुमचं अपयश नाही, सरासरी तीच आहे. हे रुग्णाला पहिल्याच भेटीत सांगा. पाचव्या महिन्यात सांगितलंत तर ती सबब वाटते.

आपल्या धंद्याला झोंबणारी एक चाचणीही सांगते. ऑस्ट्रेलियात २१४ रुग्णांत, प्लास्टर निघाल्यावर देखरेखीखालचा व्यायाम आणि सल्ला विरुद्ध नुसता सल्ला अशी तुलना झाली, २०१५ ची. हालचालीतल्या अडचणी लेफ्सने मोजल्या. व्यायामाच्या गटाला जादा फायदा दिसला नाही. माझं मत असं की एकदा नीट समजावलेला, घरी करायचा कार्यक्रम पुष्कळांना पुरतो, आणि कोणाला पुरत नाही ते ओळखायलाच ही मोजमापं लागतात. सहा आठवडे ते तीन महिने या काळात ज्याचे गुण हलतच नाहीत त्याला बोलवा. बाकीच्यांचा फेरीबोटीचा आणि बसचा खर्च वाचवा.

गोव्यात एक सापळा आहे जो प्रश्नावलीच्या पुस्तिकेत सापडणार नाही. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत मधुमेहाचं प्रमाण सर्वांत जास्त गोव्यात आढळलं, २६.४ टक्के. तुमच्या घोट्याच्या रुग्णांतही मधुमेही भरपूर असणार, आणि त्यांतल्या काहींच्या पायांच्या नसा बधिर झालेल्या. असा रुग्ण वेदनेला २५ पैकी २५ देतो. त्याचा पाय सुजलेला, लाल, दुसऱ्या पायापेक्षा गरम असतो. हाडं आतून ढासळत असतात आणि गुण ८० च्या वर. एकाच पायात अशी ऊब आणि सूज दिसली, तर गुणांची पर्वा न करता त्याचं चालणं थांबवा आणि त्याच दिवशी सर्जनकडे, नाहीतर बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) पाठवा. मधुमेही रुग्णाची पहिली नोंद करताना तळव्याला मोनोफिलामेंट (संवेदना तपासायचा नायलॉनचा बारीक धागा) लावून संवेदना तपासा. ती नसेल तर कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा की वेदनेचे गुण ग्राह्य नाहीत.

भाषांतराबद्दल. स्वतः बसून एका संध्याकाळी केलेलं भाषांतर स्वतःच्या फाइलपुरतं वापरलंत तर आकाश कोसळणार नाही, पण त्याचे गुण दुसऱ्या कोणाच्या गुणांशी ताडून पाहता येत नाहीत आणि प्रबंधात छापता तर मुळीच येत नाहीत. रीतसर पद्धत म्हणजे दोघांनी स्वतंत्रपणे मराठी करायचं, एकत्र बसून एक मसुदा ठरवायचा, मूळ न पाहिलेल्या दोघांनी तो परत इंग्रजीत न्यायचा, मग समितीने तफावत मिटवायची आणि तीस-चाळीस रुग्णांवर तो पारखून बघायचा. आधी मूळ कर्त्यांकडे अधिकृत मराठी आवृत्ती आहे का ते विचारा. असेल तर सगळा खटाटोप वाचला. तुमचे फोंडा, डिचोली, पेडण्याकडचे बहुतेक रुग्ण मराठी सहज वाचतील, पण सासष्टीतून आलेल्या रुग्णाला रोमी (रोमन लिपीतली) कोंकणी लागेल. तिथे मराठी कागद वाचून तोंडी कोंकणी करून सांगण्याचा मोह होतो. केलंत तर ‘तोंडी’ अशी नोंद ठेवा आणि दर वेळी तोच माणूस, त्याच शब्दांत सांगेल असं बघा.

शेवटी, सर्जनना पाठवायच्या चिठ्ठीबद्दल. त्यांना तक्ता पाठवू नका, ते उघडत नाहीत. मी शिक्षिकाबाईंबद्दल लिहिलं असतं तर असं: ‘दुखापतीपूर्वी ८५, सहा महिन्यांनी ६०. गेलेले गुण ताठरपणा, संध्याकाळची सूज, जिना आणि खडबडीत जागी वेदना यांत. भिंतीपासून अंतर दुखऱ्या पायाचं ४ सेंमी, चांगल्या पायाचं १०. कामं: देवळाच्या पायऱ्या उतरणं ३ वरून ६, अंगणातून विहिरीपर्यंत जाणं ४ वरून ८, बसमध्ये चढणं २ वरून ३. संवेदना शाबूत. बसची पायरी अडते आहे, टाच जमिनीला टेकवून घोटा पुढे वाकत नाही. पुढचे सहा आठवडे त्यावर काम करते, नाही हलला तर समोरच्या बाजूला काही अडकतंय का ते पाहावं.’ एवढं ते लिफ्टमध्ये उभ्या उभ्या वाचतात आणि उत्तरही देतात.